बर्फातल्या पोरीचं कुंकू

हे काम माझ्याकडं आलं ते माझ्या हातात बांगड्या नव्हत्या म्हणून.

लोक विचारतात, "डॉक्टरांकडं काय काम करतीस गं?" मी घरकाम म्हणते आणि पुढं चालू लागते. खरं सांगितलं तर हसतील. मी डबे सांभाळते. रिकामे डबे. त्यात ना मीठ, ना मसाला, ना दागिना. पण त्या रिकाम्या डब्यांनी मला जेवढी धास्ती लावली तेवढी भरल्या घरानं कधी लावली नाही. हे मी माझ्यापुरतं लिहिते आहे. डॉक्टरांना रोज पेपर वाचून दाखवते, हे मात्र वाचून दाखवणार नाही.

नळदुर्गला हायवेपासून थोडं आत डॉक्टरांचं घर आहे. पुढं दवाखाना होता, तो आता बंद आहे. मागं राहतं घर. माझा नवरा ट्रकवर क्लीनर होता. तो गेला आणि सासरी माझी भाकर जड झाली. ईट गावाला भावाचं घर आहे, पण भावाच्या घरात बहिणीनं किती दिवस काढायचे? मग मी डॉक्टरांकडं धुण्या-भांड्याला लागले आणि अंगणातल्या खोलीत राहायला आले. तेव्हा मी कुणी हाक मारली तरी दचकायची. आजही फार फरक नाही.

डॉक्टर तरुणपणी रशियात शिकायला होते. तिथून त्यांनी डॉक्टरकी आणली आणि हे डबे आणले. पुढंही दोनदा जाऊन आले, मित्रांकडून मागवत राहिले. काळे कुळकुळीत, आरशासारखे चकचकीत, आणि झाकणावर इतकी बारीक चित्रं की माणसाच्या डोळ्यातला पांढरा ठिपकासुद्धा वेगळा दिसतो. तीन घोड्यांची गाडी, आगीसारख्या पिसांचा पक्षी, डोक्यावर मुकुट घातलेली बेडकी, चुलीवर निजलेला आळशी गडी. आत उघडलं की लाल भडक. आपल्याकडं करंडा आतून लाल असतो ना, तसा.

एका दुपारी डॉक्टर कपाट उघडून बसले होते आणि काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, डबे पुसायला सांगत होते.

"आधी बांगड्या काढ," डॉक्टर म्हणाले. "काचेचा एक ओरखडा उठला तर तो जन्मात जात नाही."

काकूंच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा आणि पुढं सोन्याच्या पाटल्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या डब्यांसाठी मी हात मोकळे करू? तुम्ही धडधाकट समोर बसलेले असताना? शोभतं का बोलणं?"

"मग कोण पुसणार?"

मी फरशी पुसत होते. दोघांनी एकदमच माझ्या हातांकडं बघितलं.  काकूंनी नजर वळवली. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "सिंधू, नखं दाखव."

त्या दिवसापासून कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आली. ज्या हातांमुळं मी हळदीकुंकवाच्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर यायचं टाळायची, तेच हात या घरात एका कामाला तरी पहिल्या मानाचे ठरले. याचा आनंद मानावा की नाही, हे मला कधी ठरवता आलं नाही.

काम काय ते सांगते. हे डबे दिसतात लाकडाचे, पण असतात पुठ्ठ्याचे. पुठ्ठ्याच्या पट्ट्या खळीनं एकावर एक चिकटवायच्या, दाबायच्या, वाळवायच्या आणि मग जवसाच्या तेलात मुरवून भट्टीत भाजायच्या. जवसाचं तेल म्हटल्यावर मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आपलं चटणीचं जवस?"

"तेच," डॉक्टर म्हणाले. "तिकडं त्याचं हे करतात, आपण भाकरीबरोबर खातो."

मग त्यावर काळ्या लाखेसारखे थरावर थर. चित्राचा रंग अंड्याच्या पिवळ्या बलकात कालवतात, ब्रश खारीच्या केसांचा, आणि सोनं घासून चमकवायला लांडग्याचा दात. हे ऐकलं तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. त्या माळकरी. त्यांनी ताट खाली ठेवलं. "अंडं? आणि लांडग्याचा दात? आणि हे कपाट माझ्या देवघराच्या भिंतीला?" त्याच दिवशी कपाट उचलून समोरच्या भिंतीला गेलं. ती जागाच पुढं डब्यांना मानवली, कारण तिथं ऊन कधीच येत नाही. डॉक्टर म्हणायचे, "अंड्यानं डबे वाचवले."

ज्यांनी उन्हात पापड वाळवलेत त्यांना हे काम समजायला वेळ लागणार नाही. पापड जास्त वाळला की कडेनं वाकतो, तसं डब्याचं झाकण वाकतं. वाकलं की चित्राला बारीक भेगा पडतात, भेगाळलेल्या तळ्यासारख्या. तीन घोड्यांचा डबा माझ्या येण्याआधी खिडकीपाशी होता, त्याचा एक कोपरा असाच वर आला आहे. उन्हाळ्यात आमच्याकडची हवा म्हणजे तवा. म्हणून होळी झाली की कपाटाच्या तळाला मी मातीच्या परळात पाणी भरून ठेवते, वर ओलं फडकं. कूलरचं तोंड कपाटाकडं करायचं नाही. पावसाळा लागला की परळ बाहेर काढायचे, कारण मग उलटं होतं, झाकणं फुगून बसतात. बसली तर ओढायची नाहीत. रुसलेल्या माणसासारखं त्यांना एकटं सोडायचं, आपोआप उघडतात. पुसायला डॉक्टरांचं जुनं धोतर, खूप धुतलेलं. पाणी नाही, तेल नाही, अत्तर नाही, डांबराच्या गोळ्या तर मुळीच नाहीत. डबा खालून उचलायचा, झाकणाला धरून नाही. आणि चित्रावर बोट ठेवायचं नाही. कुणीच नाही. हा डॉक्टरांचा सगळ्यांत मोठा नियम. पाहुणा कितीही मोठा असो, त्याचं बोट पुढं आलं की डॉक्टर ओरडायचे, "हात लावू नका!" पेशंटवर कधी आवाज चढवला नाही असा माणूस.

हायवेवरून जड ट्रक गेले की काच थरथरते आणि डबे तसूतसूनं पुढं सरकतात. रोज सकाळी मी ते मागं सारते. अजूनही कधीकधी भाजी चिरता चिरता ट्रकचा आवाज आला की माझा हात थांबतो.

माणसंही नमुनेदार यायची. एकदा जवळच्या गावचे एक म्हातारे पाटील दम्याचं औषध न्यायला आले होते. डॉक्टरांनी हौसेनं कपाट दाखवलं. पाटील बराच वेळ बघत राहिले.

"यात पान-सुपारी ठेवता?"

"नाही."

"तंबाखू?"

"पूर्वी तिकडं तपकीर ठेवायचे. मी काही ठेवत नाही."

"मग काय ठेवता?"

"काहीच नाही."

पाटलांनी माझ्याकडं बघितलं. "आणि ही बाई कशाची राखण करती?"

"आतल्या काहीच नाहीची," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. पाटील हसले नाहीत. जाताना मला हळूच म्हणाले, "पोरी, डॉक्टरला जप. लई शिकलं की असं होतं."

पण एक प्रसंग हसण्यासारखा नव्हता, आणि पुढचं सगळं समजायला तो सांगितला पाहिजे. नवरात्राच्या आधी आमच्याकडं घर धुऊन काढतात. चिंधीसुद्धा राहत नाही. त्या वर्षी मला ताप होता. डॉक्टरांच्या नात्यातली एक वहिनी मदतीला आली होती, मायाळू बाई. तिनं काकूंकडून किल्ली मागून घेतली आणि खालच्या ओळीतल्या सगळ्या डब्यांना खोबरेल तेल चोळलं. चकाकी यावी म्हणून. देवाच्या लाकडी पाटाला चोळतात तसं. डॉक्टर दवाखान्यातून आत आले, वास आला, कपाटासमोर उभे राहिले. ओरडले नाहीत. त्या दिवशी जेवले नाहीत. आणि त्या वहिनीशी पुन्हा कधी बोलले नाहीत. लग्नकार्यात समोर आली तरी नाही. तिचं वाईट करायचं मनात नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरीही नाही. तापातून उठल्यावर ते तेल टिपून काढायला मला बरेच दिवस लागले, आणि ते टिपताना मनाशी एकच विचार चालायचा, की माझ्या हातून असं काही झालं तर मी कुठं जाणार?

सगळ्या डब्यांत एक डबा वेगळा होता. डॉक्टरांनी रशियात घेतलेला पहिला. त्याच्यावर बर्फात उभी असलेली एक पोर आहे. पांढरा अंगरखा, पांढरी टोपी, मागं काळी झाडं. तिकडची गोष्ट अशी की मूल नसलेल्या म्हातारा-म्हातारीनं बर्फाची मुलगी केली, ती जिवंत झाली आणि उन्हाळा आला तशी विरघळून गेली. डॉक्टर तिला बर्फाची पोर म्हणायचे. काकू तिला सवत म्हणायच्या.

"माझ्या आधी घरात आलेली आहे ती," काकू सांगायच्या. "लग्नात माझ्या माहेरच्यांनी विचारलं, मुलाचं कुठं काही नाही ना? हे म्हणाले नाही. आणि ट्रंकेत ही!"

"अगं, डबा आहे तो."

"तिच्याकडं बघता तेवढं माझ्याकडं बघितलं असतं तर मी पण चकाकले असते."

हा खेळ त्यांचा जन्मभर चालला. पण काकूंनी तो डबा हातात कधी घेतला नाही. बाकीच्या डब्यांवरून लांबून तरी नजर फिरवायच्या, त्या डब्याकडं पाठ.

पुढं डॉक्टरांचे डोळे गेले. काचबिंदूनं नस वाळत गेली, वर मोतीबिंदू चढला. दवाखाना बंद झाला. मग दुपारी मी एकेक डबा काढून त्यांच्या मांडीवर फडक्यावर ठेवायची आणि चित्रात काय दिसतं ते सांगायची. ते कडा चाचपायचे, चित्राला मात्र स्वतःही बोट लावायचे नाहीत. "घोड्याचा लगाम सोनेरी आहे ना अजून?" मी व्हय म्हणायची. बोलायची सवय मला या डब्यांनीच लावली म्हणायची.

त्याच सुमारास काकू आजारी पडल्या. पोटाचं दुखणं. सोलापूरला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. आदल्या दिवशी दुपारी डॉक्टर आत आडवे झाले होते. काकूंनी मला खुणेनं बोलावलं. "किल्ली आहे ना? ती सवत आण इकडं."

मी डबा आणला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदा त्या पोरीकडं नीट बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अगं, ही तर लेकरू आहे," त्या म्हणाल्या. "मंजू शाळेत जायची तेव्हा अशी दिसायची. आणि मी हिला काय काय बोलले." मंजू त्यांची मुलगी, पुण्याला असते. मग म्हणाल्या, "पांढरे कपडे, पांढरं कपाळ. काय गं हे? एवढ्याशा पोरीला कुणी असं ठेवतं?"

मी म्हटलं, "काकू, तिकडं तसंच असतंय. तो बर्फ आहे."

"तिकडं असेल. आता ती इथं राहते ना? करंडा दे माझा."

 काकूंचा करंडा माहेरचा, सागवानी. एका खणात मेण, एका खणात कुंकू. त्या शेवटपर्यंत जुन्या रीतीनं लावायच्या, आधी मेणाचं बोट, मग कुंकवाचं. टिकली त्यांनी कधी लावली नाही. मी म्हटलं, "काकू, नगा. डॉक्टर..."

"त्यांना मी सांगते. माझ्या तोंडानं सांगणार आहे, तू मधे बोलू नकोस. धर नीट."

मी डबा धरला. काकूंनी चुडा वर सारून पदरात गुंडाळला, म्हणजे बांगडी लागू नये. तेवढं त्यांच्या ध्यानात होतं. काडीच्या टोकानं तिळाएवढं मेण ठेवलं, त्यावर कुंकू. ठिपका बरोबर दोन भुवयांच्या मधे बसला. मग त्यांनी डबा लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "आता कशी घरची दिसते."

दुसऱ्या दिवशी त्या सोलापूरला निघाल्या, गाडीत बसताना मला म्हणाल्या, "आल्यावर सांगते त्यांना. जरा चिडवून सांगते." त्या परत आल्या त्या बोलायच्या राहिल्या नव्हत्या. अंगणात त्यांना सवाष्णीच्या मानानं मळवट भरला, तेव्हा मी दाराआड उभी होते.

तेव्हापासून ते कुंकू माझ्या जिवाला लागलं. निरोप त्यांचा, सांगायचा राहिला तोही त्यांच्याकडूनच, आणि डबा माझ्या ताब्यात. मधे बोलू नकोस म्हणाल्या होत्या. मी कशी बोलणार? दुपारी डॉक्टर तो डबा मागायचे. "बर्फाची पोर ठीक आहे ना?" मी म्हणायची, "ठीक आहे." खोटं नव्हतं ते. पण डबा मी लगेच परत कपाटात ठेवायची. पहिल्या उन्हाळ्यात लाईट जायची तेव्हा मला कळलं की मेण म्हणजे काय धोका. मेण पातळ झालं आणि कुंकू ओघळून पोरीच्या डोळ्यात गेलं तर? मी परळात दिवसातून पुन्हा पुन्हा गार पाणी घालायची. शेजारीण म्हणायची, "सिंधूबाई, डब्यात काय पिल्लं घातलीत का?"

मग यंदा मंजूताई आल्या आणि त्यांनी वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवलं. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, नस वाळलेली आहे, किती दिसेल सांगता येत नाही, पण पडदा काढून बघू. आमचे डॉक्टर तयार झाले. म्हणाले, "दिसलं तर सगळ्यात आधी बर्फाची पोर बघणार. तिच्या पापण्यांवर पांढरं दव आहे, ते बघायचंय."

मी ताटं उचलत होते. वाटी माझ्या हातून खाली पडली.

ऑपरेशन झालं. पट्टी सुटायच्या आधी मी मंजूताईंना कपाटापाशी नेलं आणि डबा दाखवला. तोंडानं सांगायला मला जमलंच नसतं. त्यांनी बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"हे कुणी केलं? आई?"

मी मान हलवली.

"बाबांना माहीत आहे?"

"न्हाय. काकू सांगणार होत्या."

त्या खुर्चीवर बसल्या. थोडा वेळ डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मावशी, हे काढून टाका. बाबांना तुम्ही ओळखता. त्या वहिनीशी अजून बोलत नाहीत ते. आईवर आता या वयात त्यांनी रागवावं, तेही ती नसताना, हे मला नको आहे. मेणावर आहे ना? मग निघेल."

निघालं असतं. खालचं चित्र शाबूत होतं, हे मला बघूनच कळत होतं. कोमट हातानं कापसाची वात नुसती टेकवली असती तरी मेणासकट ठिपका उचलून आला असता. मी धोतराचं फडकं पसरलं, डबा ठेवला, वात केली, हातात घेतली.

आणि माझा हात पुढं जाईना.

कुंकू पुसणं काय असतं ते मला ठाऊक आहे. माझं पुसलं तेव्हा मला दोघींनी धरलं होतं आणि एकीनं ओल्या फडक्यानं पुसलं होतं. तीसुद्धा रडत होती. ते फडकं किती गार होतं ते अजून कपाळाला आठवतं. आता काकूंनी जाता जाता लावलेलं कुंकू मी माझ्या हातानं पुसायचं? आणि नाही पुसलं तर डॉक्टर उद्या बघतील, कपाट माझ्या ताब्यात, किल्ली माझ्या कमरेला. खोबरेल तेलाची वहिनी नात्यातली होती, तिला तिचं घर होतं.

"द्या, मी काढते," मंजूताई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढं केला.

"न्हाय," मी म्हणाले. "तुमच्या हातात कडं आहे."

त्यांनी कडं काढलं. मी म्हणाले, "नखं वाढलीत." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. पण त्या म्हणाल्या, "ठीक आहे. मग तुम्हीच सांगा त्यांना. मी मधे पडणार नाही."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि मी वात हातात धरून तशीच बसले.

पट्टी सुटली. डॉक्टरांना दार दिसलं, खिडकी दिसली, मंजूताईंचा चेहरा धूसर दिसला. घरी आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "सिंधू, डबा."

मी त्यांच्या मांडीवर फडकं अंथरलं, डबा ठेवला. मंजूताई दारात उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी डबा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, खिडकीकडं केला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आधी ते तोंड उघडं होतं, लहान मुलासारखं. मग हळूहळू मिटत गेलं.

"पांढरं आहे," ते म्हणाले. "सगळं पांढरं. धुकं. झाडं नाहीत. पापण्या नाहीत. चेहरा कुठं आहे गं तिचा?"

 ते पुन्हा डबा जवळ नेत म्हणाले, "हे एवढं लाल काय आहे?"

मी मंजूताईंकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

"इथं मधे. लाल ठिपका. तेवढा एक दिसतोय मला. लाल रंग या चित्रात नाही. मी काय हिला आज बघतोय? सिंधू, काय आहे हे?"

आणि त्यांचा अंगठा त्या ठिपक्याकडं गेला.

"हात लावू नका!" मी ओरडले.

एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडले नव्हते. अंगणातला कुत्रा भुंकायला लागला. डॉक्टरांचा अंगठा जागच्या जागी थांबला. मग मी खाली बसले आणि सांगितलं. काकूंनी डबा मागवला ते, लेकरू म्हणाल्या ते, पदरात चुडा गुंडाळला ते. पांढरं कपाळ बरं दिसत नाही म्हणाल्या, आता घरची दिसते म्हणाल्या. आणि आल्यावर तुम्हाला चिडवून सांगणार होत्या. एवढं सगळं एका दमात मी पहिल्यांदाच बोलले असेन.

डॉक्टरांनी डबा मांडीवरच्या फडक्यावर टेकवला. मग त्यांनी एकच विचारलं. "आधी मेण लावलं होतं?"

"व्हय. काडीनं."

"म्हणजे खालचं काम वाचलं," ते म्हणाले. "जपून लावलं तिनं." डबा त्यांनी पुन्हा खिडकीकडं केला. "आयुष्यभर सवत सवत म्हणाली, आणि बघ, मला तिथं दिसतंय ते तेवढंच. पापण्या नाहीत, दव नाही. हिचं बोट तेवढं दिसतंय." मग ते हसायला लागले आणि हसता हसता चष्मा काढला. मंजूताईंनी येऊन त्यांचा खांदा धरला. मी कपाटाकडं तोंड करून उभी राहिले, डबे आधीच सरळ होते तरी सरळ करत.

मला वाटलं होतं, धास्ती तिथं संपेल. संपली नाही. आता डॉक्टर रोज दुपारी विचारतात, "कुंकू जागेवर आहे?" आणि मला आता उत्तर खरं द्यावं लागतं.

या मे महिन्यात एके दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. परळातलं पाणीसुद्धा कोमट झालं. दुपारी कपाट उघडलं तर मेण सैल होऊन ठिपका डाव्या भुवईकडं उतरला होता. केसाएवढं अंतर राहिलं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं.

"मग नीट कर," ते म्हणाले.

"मंजूताईंना बोलवा की. दिवाळीला येतीलच."

"दिवाळीपर्यंत ते तिच्या डोळ्यात जाईल. करंडा तिथंच आहे."

"डॉक्टर, माझं बोट..."  एवढी वर्षं मी या घरात कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. तो पुसायचा असला तरी काकूंना हाक मारायची.

"या डब्यांना तुझ्याशिवाय कुणाचं बोट चालतं?" डॉक्टर म्हणाले. "आणि घाई कर. मला तो ठिपका दिसेनासा झालाय."

मी हात धुतले, कोरडे केले. वातीनं जुना ठिपका उचलून घेतला. तो टाकला नाही, करंड्यातच ठेवला. करंड्यातलं मेण वापराविना वाळून कडक झालं होतं, बोटावर चोळून मऊ केलं. काडीनं तिळाएवढं मेण, त्यावर कुंकू. बसलं, काकूंसारखंच दोन भुवयांच्या मधे. डॉक्टरांनी डबा खिडकीकडं धरला, मान वाकडी केली, सरळ केली.

"आहे," ते म्हणाले. "आहे जागेवर."

कपाटाला कुलूप लावलं. बोटाला कुंकू लागलं होतं. बायका कुंकू लावून उरलेलं स्वतःच्या कपाळाला, गळ्याला पुसतात. मी कुठं पुसू? पदराला पुसवेना, पाण्याखाली धरवेना. तशीच कामाला लागले. संध्याकाळी भाकरी थापल्या, डॉक्टरांना ताट वाढलं. त्यांनी भाकरी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि थांबले.

"हे लाल काय आहे?"

मी बघितलं. भाकरीच्या कडेला ठसा उमटला होता.

"काही न्हाय," मी म्हणाले. "माझं बोट आहे."